टीममधले सगळे चांगले खेळतात, तरी मॅच का हरतो? व्हॉलीबॉलच्या सरावाबद्दल सविस्तर

प्रश्न असा आहे की टीममध्ये दहा-बारा जण आहेत, दोन स्मॅशर जोरदार मारतात, सेटरचा, म्हणजे स्मॅशसाठी बॉल वर देणाऱ्याचा, हात चांगला आहे, आठवड्यातून तीन-चार दिवस दोन-दोन तास सराव होतो, तरी मॅचमध्ये साध्या दिसणाऱ्या टीमकडून हार होते, मग नेमकं बदलायचं काय. आणि सरावात काय करतो तेही सांगितलंय, आधी वॉर्मअप, मग गोल करून पासिंग, मग नेटवर लाइन लावून स्मॅश आणि उरलेल्या वेळात गेम. मी बरीच वर्षं खेळलो आणि आता टीम तयार करतो, त्या अनुभवावरून सांगतो, अडचण खेळाडूंमध्ये नाहीये, सराव ज्या क्रमानं आणि ज्या पद्धतीनं होतोय त्यात आहे.

गोलातलं पासिंग बघा. बॉल समोरच्याकडून हळू येतो, कुणाकडे येणार हे आधीच कळलेलं असतं, आणि जिथून आला तिथंच परत द्यायचा असतो. मॅचमध्ये असा एकही बॉल येत नाही. मॅचमध्ये बॉल एका दिशेनं येतो, तो दुसऱ्या दिशेला सेटरकडे न्यायचा असतो, आणि तो आपला आहे की शेजारच्याचा हेच आधी ठरलेलं नसतं. लाइनमधल्या स्मॅशचंही तेच, पास कुणी घेतलेला नाही, समोर ब्लॉक नाही, मागं कव्हरला, म्हणजे ब्लॉकला लागून परत आलेला बॉल उचलायला, कुणी नाही, एकेक जण येतो, मारतो, बॉल आणायला जातो. म्हणजे दोन तास सराव झाला पण प्रत्येकानं तो एकट्यानं केला. आणि पॉइंट जातात कुठं? तर दोन माणसांच्या मधे. दोन रिसीव्हरच्या मधे सर्व्हिस पडते, सेटर आणि स्मॅशरच्या मधे टायमिंग चुकतं, ब्लॉकवाल्या दोघांच्या मधून बॉल निघून जातो, ब्लॉक आणि मागच्या डिफेन्सच्या मधल्या रिकाम्या जागेत प्लेसिंग, म्हणजे हळूच टाकलेला बॉल, पडते. माझं ठाम मत आहे की टीमचा सराव म्हणजे या मधल्या जागांचाच सराव, बाकी हात-पाय सुधारायचं काम त्याच्यासोबतच होत राहतं.

पुढच्या मॅचमध्ये एवढं करून बघा, बाहेर बसलेल्या एकाला वही द्या आणि गेलेला प्रत्येक पॉइंट कुठल्या दोघांच्या मधे गेला ते लिहायला सांगा. कुणाची चूक ते लिहायचं नाही, जागा लिहायची, म्हणजे "पाच आणि सहा नंबरच्या मधे सर्व्हिस", "चार नंबरच्या स्मॅशवर कव्हर नाही" असं. (नंबर म्हणजे कोर्टावरच्या जागा, नेटकडे तोंड करून मागं उजवीकडे एक, पुढं उजवीकडे दोन, पुढं मधे तीन, पुढं डावीकडे चार, मागं डावीकडे पाच, मागं मधे सहा.) दोन-तीन मॅचनंतर ते पान वाचलं की सरावात काय करायचं ते वेगळं विचारावं लागत नाही.

सुरुवात रिसीव्हपासून, म्हणजे समोरची सर्व्हिस घेण्यापासून, कारण तिथं बिघडलं की पुढचं सगळं बिघडतं. आता प्रत्येक सर्व्हिसवर पॉइंट असतो. १९९० च्या दशकाच्या शेवटापर्यंत ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट मिळायचा आणि सेट १५ चा असायचा, त्यामुळे रिसीव्ह वाया गेला की पॉइंट तेव्हाही जायचा, पण आपल्या सर्व्हिसवर रॅली हरलो तर फक्त सर्व्हिस समोर जायची. आता २५ चा सेट, प्रत्येक रॅलीचा पॉइंट, चार रिसीव्ह लागोपाठ वाया गेले की चार पॉइंट गेलेच, ते दुसरीकडून भरून काढायला फार वेळ नसतो.

रिसीव्हला किती माणसं ठेवायची यावर खूप टीम विचारच करत नाहीत, पाच जण डब्ल्यूच्या आकारात उभे करतात आणि वाटतं की जास्त माणसं म्हणजे जास्त जागा झाकली. पण पाच माणसं म्हणजे मधल्या जागाही तेवढ्याच जास्त, आणि प्रत्येक जागेवर "तुझा की माझा" हा प्रश्न. अमेरिकेच्या पुरुष टीमचे कोच डग बील यांनी १९८० च्या दशकात नेमकं उलटं केलं, रिसीव्हला कार्च किराय आणि ऑल्डिस बर्झिन्स हे दोघंच ठेवले, बाकीच्यांना त्या कामातून मोकळं केलं, आणि त्या टीमनं १९८४ ला लॉस एंजेलिसला ऑलिम्पिक गोल्ड घेतलं. तुम्ही लगेच दोनवर जा असं मी म्हणत नाही, समोरची सर्व्हिस जोराची असेल तर दोघांना नऊ मीटर रुंदी झेपणार नाही. पण तीनवर नक्की या. टीममधले जे तीन जण सगळ्यात शांतपणे पास देतात ते, त्यात लिबेरो, म्हणजे फक्त मागच्या लाइनमध्ये खेळणारा डिफेन्सचा खेळाडू, आलाच, आणि बाकीचे तीन जण सर्व्हिसच्या वाटेतून बाजूला. ज्याचा पास कच्चा आहे त्याला लपवण्यात कमीपणा काही नाही, तो नेटवर दुसरं काम करतोय.

आता त्या तिघांच्या मधल्या दोन जागा. फ्लोटर, म्हणजे न फिरता हवेत डुलत येणारी सर्व्हिस येते तेव्हा बॉल हवेत साधारण एक सेकंदभर असतो, तेवढ्यात विचारविनिमय होत नाही, त्यामुळे नियम आधीच ठरलेला पाहिजे. मी जो वापरतो तो असा, दोघांच्या मधे बॉल आला तर डावीकडचा माणूस पुढं तिरका जाऊन आखूड बॉल घेणार आणि उजवीकडचा त्याच्या मागून जाऊन लांबचा घेणार. दोघांनीही हालायचं. दोघांचे रस्ते वेगळे असल्यामुळे धडक होत नाही आणि एकानं सोडला तरी मागं दुसरा असतो. तुम्ही उलटं ठरवलंत तरी चालेल, पण ठरवा, आणि तिघांना तोंडपाठ पाहिजे. दुसरं म्हणजे आवाज. बॉल नेट ओलांडायच्या आत "माझा" आलं पाहिजे. बॉल हाताशी आल्यावर ओरडण्याचा उपयोग नाही, तोवर शेजारच्यानं अर्धं पाऊल टाकलेलं असतं आणि मग तो थांबतो आणि दोघंही एकमेकांकडे बघतात, बॉल मधे पडतो. हे चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आणि ज्याचा बॉल नाही त्यालाही काम आहे, लाइनवर असेल तर "आउट" किंवा "घे" हे त्यानंच सांगायचं, कारण बॉल घेणाऱ्याचं लक्ष बॉलवर असतं, लाइन त्याला दिसत नाही.

पासच्या टेक्निकबद्दल थोडंच सांगतो. हात झोकायचे नाहीत, विशेषतः जोराच्या सर्व्हिसवर. दोन्ही हातांचा सपाट भाग आधी तयार ठेवायचा आणि तो तिरका करून सेटरकडे तोंड करायचा, बॉलचा वेगच बॉलला घेऊन जातो. पायानं बॉलच्या मागं पोचायचं, हात लांब करून नाही. आणि पास नेटला चिकटवायचा हट्ट सोडा. नेटपासून दीड-दोन मीटर आत, दोन आणि तीन नंबरच्या मधे, चांगला उंच, हे टार्गेट ठेवा. नेटला चिकटून जाणारा पास दिसायला छान, पण तो अर्धा मीटर लांबला की समोरच्याला फुकटचा स्मॅश. दीड मीटर आतला पास अर्धा मीटर इकडे-तिकडे झाला तरी सेटर खेळवतो.

रिसीव्ह मोजा. सोपी पद्धत आहे, सेटरला सगळे पर्याय मिळतील असा पास ३, दोनच पर्याय राहिले तर २, कसाबसा एक उंच बॉल देता आला तर १, आणि पॉइंट गेला तर ०. दहा सर्व्हिसचा उदाहरणार्थ ३, ३, २, २, १, २, ०, ३, १, २ असा हिशोब आला तर बेरीज १९, सरासरी १.९. टीमची सरासरी दोनच्या आसपास आली की तुमचा सेटर खरा खेळायला लागतो. आकडा माणसागणिक ठेवा आणि जागेगणिकही ठेवा, बऱ्याचदा असं निघतं की माणूस तोच पण डाव्या कोपऱ्यात त्याचा पास २.३ आणि मधे उभा केला की १.५, मग माणूस बदलायची गरज नसते, जागा बदलली की झालं.

सरावात सर्व्हिस आणि रिसीव्ह एकत्रच घ्या, वेगवेगळं नको. एका बाजूला सर्व्हिस मारणारे, दुसऱ्या बाजूला तीन रिसीव्हर आणि सेटर, आणि सर्व्हिसवाल्यांना काम द्या की दोघांच्या मधेच मारायची. नुसतं "आत टाका" सांगितलं की सर्व्हिस मऊ होते आणि "जोरात मारा" सांगितलं की नेटमध्ये जाते, टार्गेट दिलं की दोन्ही जमतं. आणि एक महत्त्वाचं, रांगेत दहा सर्व्हिस लागोपाठ मारणं बंद करा. मॅचमध्ये सर्व्हिस कधी येते? रॅली खेळून, धापा टाकत, रोटेशन फिरून, म्हणजे सगळ्यांनी एकेक जागा पुढं सरकून. म्हणून दोन सर्व्हिस मारा, मग धावत जाऊन नेटवर ब्लॉकच्या तीन उड्या, परत मागं येऊन पुन्हा दोन. शिट्टीनंतर आठ सेकंदांत मारायची असते, ते आठ सेकंद पूर्ण वापरायची सवय लावा. बॉल हातात आला की लगेच मारणारे खूप चुका करतात, एक श्वास घ्यायचा, कुठं मारायची ते बघायचं आणि मग मारायची.

सेटर आणि स्मॅशर. इथं वाद जास्त होतात कारण दोघांनाही वाटतं दुसऱ्याचं चुकलं. आधी सेटरचं बघू. सेटरची सगळ्यात सामान्य चूक म्हणजे पळता पळता सेट देणं. बॉलखाली पोचायचं, पाय थांबवायचे आणि मग द्यायचा, भले एक पाऊल कमी पडून बॉल थोडा खालून घ्यावा लागला तरी. पाय चालू असले की बॉल पळण्याच्या दिशेला वाहतो, आणि चार नंबरचा स्मॅशर कितीही चांगला असला तरी ॲन्टेनाच्या बाहेर गेलेला बॉल मारून उपयोग नाही. उंच सेट नेटपासून अर्धा ते एक मीटर आत ठेवा, नेटला चिकटवू नका, स्मॅशरला हात फिरवायला जागा लागते आणि चिकटलेल्या बॉलवर दोघांचे पाय नेटखाली एकमेकांवर पडतात, घोटा मुरगळण्याचं ते मोठं कारण आहे.

स्मॅशरची सामान्य चूक म्हणजे लवकर पळणं. उंच बॉलवर सेटरच्या हातातून बॉल सुटून वर जायला लागल्यावर निघायचं, आधी दोन पावलं मंद, शेवटची दोन जलद. लवकर निघाला की बॉलच्या खाली जाऊन उभा राहतो आणि जागेवरून उडी मारावी लागते, मग बॉल डोक्याच्या मागं जातो आणि तो सेटरला ओरडतो की सेट मागं होता. हे मोबाइलवर बाजूनं शूट करा, एकदा बघितलं की वाद मिटतो. बाकी बॉल झाल्यावर बोलायचं, पण उपयोगाचं. "काय रे हे" म्हणून काही होत नाही, "अजून एक फूट बाहेर दे" किंवा "हाच ठेव" हे सांगा. बॉल खराब आला तर स्मॅशरचं काम तो कोर्टात ठेवणं, ब्लॉकच्या वरच्या बोटांवर मारून बाहेर काढणं किंवा मागच्या कोपऱ्यात लांब ढकलणं, खराब बॉलवर पूर्ण ताकद लावून पॉइंट घालवणं नाही. यासाठी सरावात मुद्दाम खराब सेट द्या. मी टीमला स्मॅशचा सराव देताना निम्मे बॉल मागून, नेटपासून तीन मीटरवरच्या लाइनच्याही मागून, तिरके उडवून देतो.

आणि सेटरनंच पहिला बॉल उचलला तर दुसरा कोण देणार? हा प्रश्न दहा टीमना विचारा, आठ टीममध्ये शांतता. आधी ठरवा. साधारणपणे लिबेरो किंवा सेटरच्या समोरासमोरचा खेळाडू. लिबेरो देणार असेल तर लक्षात ठेवा, तो तीन मीटरच्या लाइनच्या पुढं येऊन बोटांनी सेट देत असेल तर तो बॉल नेटच्या वरून मारता येत नाही, फॉल्ट होतो. मग एकतर लाइनच्या मागून द्यायचा किंवा अंडरहँड द्यायचा. प्रत्येक सरावात दहा मिनिटं फक्त हेच खेळा, सेटरवरच बॉल मारायचा आणि बाकीच्यांनी खेळवायचं.

कव्हर. याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळीनं सांगायचंय कारण यात उंची लागत नाही, उडी लागत नाही, फक्त सवय लागते, आणि तरी बहुतेक टीम ते करत नाहीत. आपला स्मॅशर उडतो, बाकीचे पाच जण उभे राहून बघतात की बॉल पडतो का, समोर ब्लॉक लागतो आणि बॉल स्मॅशरच्या पायाशी पडतो. सगळे म्हणतात "जबरदस्त ब्लॉक". ब्लॉक चांगला होताच, पण खाली तीन माणसं वाकून उभी असती तर बॉल जिवंत राहिला असता. तीन जण जवळ, स्मॅशरपासून दीड-दोन मीटरवर अर्धगोलात, दोन जण मागं लांबच्या बॉलसाठी. जवळच्यांनी खाली बसल्यासारखं वाकायचं, डोळे बॉलवर नाही तर समोरच्या ब्लॉकच्या हातांवर, कारण बॉल तिथून येणार आहे. सेट कुठं चाललाय ते दिसलं की सगळ्यांनी तिकडं सरकायचं. हे शिकवायला नेटच्या पलीकडे बाकावर दोघांना हात वर करून उभं करा, स्मॅशरला सांगा मुद्दाम त्यांच्या हातावर मार, आणि बॉल उचलला तर कव्हर टीमला पॉइंट. ब्लॉकवाल्यांच्या हातावर जरा मध्यम जोरानं मारायला सांगा. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. आणि त्याचा अजून एक फायदा, स्मॅशरला मागं माणसं आहेत हे कळलं की तो घाबरून प्लेसिंग टाकत नाही, मोकळेपणानं मारतो.

ब्लॉक आणि डिफेन्स एकच गोष्ट आहे असं धरून चाला. ब्लॉकचं काम बॉल खाली पाडणं एवढंच नसतं, कोर्टाचा एक तुकडा बंद करणं हे मुख्य काम. बाहेरचा ब्लॉकर जागा ठरवतो, मधला त्याला येऊन मिळतो, आणि दोघांच्या मधे बॉल जाईल एवढी फट राहता कामा नये. मधला उशिरा पोचला तर त्यानं बाहेरच्या अंगावर न पडता आपली उडी सरळ ठेवायची, म्हणजे निदान मागच्यांना कळतं की फट कुठं आहे. ब्लॉकनं लाइन (कडेच्या लाइनीजवळून सरळ येणारा स्मॅश) बंद केली की मागचे क्रॉसमध्ये (तिरक्या स्मॅशच्या वाटेत) उभे राहणार, ब्लॉकनं क्रॉस बंद केला की मागच्या एकानं लाइन घ्यायची. हे रॅलीच्या आधी ठरलेलं पाहिजे, नेटवाल्यानं पाठीमागं बोटांनी खूण करायची, एक बोट लाइन, दोन बोटं क्रॉस, एवढं पुरतं. मी पाहिलेला नेहमीचा घोळ म्हणजे ब्लॉक लाइनवर आणि डिफेन्सचा माणूसही लाइनवर, ब्लॉकच्या सावलीत, जिथं बॉल येऊच शकत नाही. समोरचा हात तुम्हाला ब्लॉकच्या बाजूनं दिसतोय का बघा, दिसत नसेल तर तुम्ही चुकीच्या जागी आहात, एक पाऊल सरका.

मागच्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, स्मॅशरचा हात बॉलला लागतो त्या क्षणी थांबलेले असा. धावत असताना जोराचा बॉल कुणालाच उचलता येत नाही. आधी पळा, मग थांबा, वजन पुढं पंजावर. प्लेसिंगचा बॉल कुणाचा हेही ठरवा, नाहीतर ब्लॉकच्या मागच्या जागेत सगळ्यांच्या देखत बॉल पडतो. जमिनीची भीती घालवायला लोळणं शिकवावं लागतं. १९६४ ला टोकियोत व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला तेव्हा जपानच्या महिला टीमनं गोल्ड घेतलं, त्यांचे कोच हिरोबुमी दाइमात्सु, आणि त्या टीमची ओळखच ही होती की बॉलसाठी झेप घ्यायची, उचलायचा, लोळायचं आणि लगेच उभं राहायचं. बॉल उचलल्यावर लगेच उभं राहणं हाच खरा मुद्दा, कारण तिसरा बॉल तुमच्याकडेच येऊ शकतो. गुडघ्याला पॅड घालून मऊ जागेवर हळू सुरुवात करा, कडक जमिनीवर थेट झेपा टाकायला लावू नका.

आता सिस्टीम. नवीन टीम असेल तर दोन सेटर समोरासमोर ठेवा आणि जो पुढच्या लाइनमध्ये असेल त्यानं सेट द्यायचा, याच्यात धावपळ कमी, गोंधळ कमी. एकच सेटर खरोखर चांगला असेल आणि रिसीव्ह सरासरी दोनच्या जवळ असेल तेव्हा एक सेटर, पाच स्मॅशर या पद्धतीकडे या. तेव्हा रोटेशनचा फॉल्ट कसा होतो ते सगळ्यांना कळलं पाहिजे, फक्त कॅप्टनला नाही. सर्व्हिस घेताना प्रत्येकाची तुलना फक्त शेजाऱ्याशी होते. समजा सेटर एक नंबरला आहे, तर तो दोन नंबरपेक्षा नेटपासून लांब पाहिजे आणि सहा नंबरच्या उजवीकडे पाहिजे, बस. पाच नंबरशी किंवा तीन नंबरशी त्याचा संबंध नाही. एवढं समजलं की सेटरला दोन नंबरच्या पाठीशी जवळ उभं करता येतं आणि सर्व्हिस मारल्याबरोबर तो नेटवर. सहाही रोटेशन कागदावर काढा आणि सर्व्हिस यायच्या आधी आणि नंतर कोण कुठं ते मैदानावर चालत चालत करून बघा, बॉल न घेता.

आणि तुमची टीम कुठल्या रोटेशनमध्ये अडकते ते शोधा. जवळजवळ प्रत्येक टीमची एक अशी जागा असते जिथं समोरच्याची सर्व्हिस सुरू झाली की पाच-सहा पॉइंट जातात. मी तयार केलेल्या एका टीममध्ये ती जागा म्हणजे सेटर एक नंबरला असतानाची, मोठा स्मॅशर तेव्हा उजवीकडे दोन नंबरला यायचा, त्याला डावीकडून मारायची सवय, त्यात रिसीव्हही त्याच्या अंगावर. आम्ही काय केलं, त्या एका रोटेशनमध्ये त्याला रिसीव्हमधून काढलं आणि सर्व्हिस आली की पहिल्या रॅलीत मधल्याला जलद बॉल द्यायचा असं ठरवलं, आणि सरावाचा तिसरा हिस्सा त्या एकाच रोटेशनवर घालवला. सगळी रोटेशन सारखी वाटून सराव करण्यापेक्षा जिथं रक्त वाहतंय तिथं पट्टी बांधा.

यासाठी एक खेळ आहे तो नक्की वापरा. सहा विरुद्ध सहा, पहिला बॉल खऱ्या सर्व्हिसनं सुरू, रॅली संपली की लगेच बाहेरून दुसरा बॉल रिसीव्हवाल्या टीमला सोपा टाकायचा. दोन्ही रॅली एकाच टीमनं जिंकल्या तर एक मोठा पॉइंट, एक-एक झालं तर काहीच नाही, पुन्हा. तीन मोठे पॉइंट झाल्याशिवाय रोटेशन फिरवायचं नाही. यात सर्व्हिस, रिसीव्ह, कव्हर, डिफेन्स, दम, सगळं येतं आणि कुणी उभं राहून वाट बघत नाही. शेवटचा अर्धा-पाऊण तास हा खेळ आणि २० - २० पासून सुरू केलेले छोटे सेट, असं ठेवा. ० - ० पासून पूर्ण सेट खेळत बसलात तर शेवटच्या पाच पॉइंटचा सराव कधी होतच नाही, आणि मॅच तिथंच जातात.

उड्यांवर लक्ष ठेवा. दोन तास फक्त स्मॅश मारून गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागतं आणि मग माणूस महिनाभर बाहेर. एक दिवस जास्त उड्यांचा, पुढचा दिवस रिसीव्ह-डिफेन्सचा, दोन्ही पायांवर उतरायची सवय, खांद्यासाठी रबर बँडचे व्यायाम, एवढं नियमित करा.

वागण्याबद्दलही सांगतो कारण प्रश्नात लिहिलंय की हरायला लागलो की आपसात बोलाचाली होते. रॅली संपली की सहाही जण मधे या, पॉइंट गेला असला तरी, हात लावा आणि एकानंच एक वाक्य बोला, ते पुढच्या बॉलबद्दल पाहिजे. "मघाचा का सोडला" नाही, "आता सहा नंबर एक पाऊल मागं" हो. टाइमआउट तीस सेकंदांचा असतो, त्यात पाणी पिऊन एकच गोष्ट डोक्यात जाते, पाच सांगितल्या तर एकही नाही. बाहेर बसलेल्यांना वही द्या, समोरचा सेटर कुणाला जास्त देतोय, त्यांचा कच्चा रिसीव्हर कोण हे ते सांगू शकतात, आणि मग ते आत आल्यावर थंड नसतात.

राहिला शेवटचा प्रश्न, सरावाला बऱ्याचदा आठ-नऊच जण येतात त्याचं काय. ते वाईट नाही, उलट मला असे दिवस आवडतात. कोर्टाची रुंदी निम्मी करा, चार विरुद्ध चार खेळा, एक सेटर, दोन रिसीव्हर, एक नेटवर, आणि तीन मीटरच्या लाइनच्या मागूनच मारायचं असा नियम ठेवा म्हणजे रॅली लांबतात. प्रत्येकाच्या हाताला सहा-सहाच्या गेमपेक्षा कितीतरी जास्त बॉल लागतात आणि मधल्या जागेवर "माझा" म्हणायची वेळ दर दुसऱ्या बॉलला येते. नववा माणूस सर्व्हिस मारत राहील आणि दर पाच पॉइंटला आतल्या एकाशी बदली करेल.